बारा महिन्यांची खाणावळ

'शेतातून थेट ताटात' असे शब्द हल्ली मोठ्या हॉटेलांच्या पाट्यांवर दिसतात. आत गेलं की लाकडी टेबलं, मातीची भांडी, भिंतीवर टांगलेला नांगर. आणि ताटाचा दर ऐकला की माणूस आधी पाणी मागतो. ही कल्पना अमेरिकेतून आली असं सांगतात. एका अर्थानं ते खरंही आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली या गावात ॲलिस वॉटर्स नावाच्या बाईंनी १९७१ साली 'शे पनीस' नावाचं एक छोटं उपाहारगृह काढलं. आसपासच्या शेतकऱ्यांकडून ताजा माल आणायचा, त्यातून त्या दिवशीचं एकच जेवण ठरवायचं आणि आलेल्या माणसानं तेच जेवायचं, अशी त्यांची रीत पुढे जगभर गाजली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, अहो, ही तर आपली खाणावळ!

खाणावळीत कधी मेनूकार्ड नव्हतंच. मुंबईच्या गिरणगावात घराघरांतून बायका गिरणी कामगारांना जेवू घालायच्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खाणावळवाल्या बायकांसाठी. त्यांच्याकडे जेवणारा माणूस 'आज काय आहे?' एवढंच विचारायचा. उत्तर बाजारात काय स्वस्त आलं त्यावर अवलंबून असायचं. फरक एवढाच की बर्कलीतला माणूस हौसेनं जेवायला येतो, आणि खाणावळीतला पुढची पाळी गाठायची म्हणून.

आमची खाणावळ काळेवाडीत आहे. पवना नदीच्या एका काठाला पिंपरी, दुसऱ्या काठाला आम्ही. लग्न होऊन मी १९९६ साली इथे आले तेव्हा रहाटणीच्या बाजूला ज्वारीची शेतं होती. आता तिथे इमारती आहेत, आणि एकेका खोलीत चार-चार, पाच-पाच मुलं राहतात. कुणी लातूरचं, कुणी बीडचं, कुणी बुलढाण्याचं, अलीकडे बिहार-उत्तर प्रदेशातलीही. कुणी भोसरीला जातं, कुणी चाकणला, कुणी तळवड्याला. बहुतेक जण कंत्राटावर. अशी साठेक मुलं आमच्याकडे महिन्याच्या हिशेबानं दोन्ही वेळा जेवतात. दर महिन्याला ३ हजार २०० रुपये. म्हणजे एका ताटाचे ५३ रुपये आणि थोडी चिल्लर. त्यात दोन भाज्या, आमटी, भात, पोळी किंवा भाकरी, आणि काहीतरी तोंडी लावायला.

आता या धंद्यातली खरी मेख सांगते. ताटाचा दर बारा महिने एकच असतो. मुलाचा पगार ठरलेला, त्यामुळे त्याचा जेवणाचा पैसाही ठरलेला. वर्षातून एकदा, पाडव्याच्या सुमाराला शंभर-दोनशे वाढवले तरी दोन मुलं सोडून जातात. उलट शेतातल्या मालाचा भाव दर आठवड्याला वेगळा. मेथीची जुडी पौषात पाच रुपयांना मिळते आणि श्रावणात तीस रुपयांना मिळत नाही. ही दोन टोकं एकत्र कशी बांधायची, यावर खाणावळ चालते किंवा बुडते.

टोमॅटोचंच घ्या. साठ माणसं, दोन वेळा, म्हणजे एकशेवीस ताटं. आमटी-भाजी-कोशिंबीर धरून दिवसाला सहा किलो टोमॅटो लागतो. वीस रुपये किलो असला तर १२० रुपये. एकशेवीस रुपये किलो झाला तर ७२० रुपये. रोजचे सहाशे जास्त, महिन्याचे अठरा हजार. आमच्या घरात महिनाअखेर जे उरतं ते बहुतेक महिने यापेक्षा कमीच असतं. म्हणजे एका टोमॅटोपायी सगळा महिना फुकट राबायचं. आणि टोमॅटो एकटा कधी महाग होत नाही, सोबत कोथिंबीर, मिरची, सगळी भावंडं घेऊन येतो.

मग करायचं काय? बरेच जण रस्सा पातळ करतात, किंवा बाजारातला उतरलेला माल उचलतात. मुलांना ते चौथ्या दिवशी कळतं. आम्ही दुसरी वाट धरली. ताटाचा दर हलवायचा नाही, ताट हलवायचं. ऋतू जे स्वस्त देतो ते जास्त वाढायचं, आणि जे देत नाही ते मागायला जायचं नाही. ऐकायला हे सोपं आहे. करायला मात्र वर्षभर आधी विचार करावा लागतो, कारण पावसाळ्यातलं ताट उन्हाळ्यात ठरतं.

उन्हाळा हा आमच्याकडे साठवणीचा हंगाम. चैत्र-वैशाखात रब्बीचा कांदा निघतो. हा कांदा टिकाऊ. खरिपातला कांदा ऑक्टोबरनंतर येतो, पण तो पाणीदार असतो, महिन्याभरात मऊ पडतो. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये निघालेल्या कांद्यावरच सगळा देश ऑक्टोबरपर्यंत जेवतो. चाकणच्या बाजारात दरवर्षी कांद्याचे ढीग लागतात, पण ढिगातला प्रत्येक कांदा ठेवायच्या लायकीचा नसतो. मान बारीक असलेला, वरचा पापुद्रा घट्ट असलेला निवडायचा. जोडकांदा आणि डेंगळा आलेला आधी संपवायचा. आम्हाला दिवसाला आठ किलो कांदा लागतो. सहा महिन्यांचा धरला तर साधारण पंधरा क्विंटल. काळेवाडीत एवढी जागा कुणाकडे? माझं माहेर पवनमावळातलं. तिथे भावाच्या कांदाचाळीत आमचा कांदा राहतो. जमिनीपासून उंच, खालून-वरून वारा खेळता. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कुणीतरी जाऊन तो निवडावा लागतो, कारण एक सडका कांदा शेजारच्या पाचांना घेऊन जातो.

उन्हाळ्यात आणखी दोन कामं असतात. कैऱ्या चिरून, मीठ लावून वाळवायच्या, म्हणजे आंबोशी करायची. आणि सांडगे, कुरडया. हे वाळवण नवलाईचं नाही, आपल्या आयांनी केलं तेच. पण घरातल्या वाळवणात आणि खाणावळीतल्या वाळवणात फरक आहे. घरी ते हौसेचं असतं. आमच्याकडे ते भांडवल आहे. मे महिन्यात गच्चीवर पसरलेली आंबोशी म्हणजे जुलैतला टोमॅटो. आमटीला आंबटपणा हवा असतो, टोमॅटोच हवा असतो असं नाही. चिंच, आमसूल, आंबोशी, ताक यांच्यावर महाराष्ट्रातल्या आमट्या पिढ्यान्‌पिढ्या शिजल्या. टोमॅटो नंतर आला आणि असा काही बसला की तो नसला तर स्वयंपाक अडतो असं आता वाटायला लागलंय.

पावसाळ्याबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. आपल्याला वाटतं, पाऊस पडला, सगळीकडे हिरवंगार झालं, म्हणजे भाजी मुबलक असणार. होतं नेमकं उलटं. जून-जुलैत मृग-आर्द्राच्या पावसावर जी भाजी लावतात ती हाताशी यायला ऑगस्ट उजाडतो. टोमॅटोचं रोप लावल्यापासून पहिला तोडा मिळायला दोन महिने तरी जातात. उन्हाळी पीक संपलेलं आणि पावसाळी अजून यायचं, अशी ती मधली फट. त्यात जी पालेभाजी शेतात उभी असते ती सततच्या पावसानं सडते. आणि मावळात तर त्याच दिवसांत भातलावणी असते. घरातली सगळी माणसं चिखलात. अशा वेळी दहा जुड्या मेथी खुडायला माणूस मिळत नाही. म्हणून पिंपरीच्या मंडईत जुलैमध्ये भाव कडाडतात त्याला फक्त व्यापारी कारण नसतात. पाऊस, चिखल, रिकामी फट आणि माणसांची टंचाई, अशी चार कारणं एकाच वेळी येतात.

जुन्या माणसांनी या फटीची सोय पंचांगातच करून ठेवली असावी असं मला वाटतं. आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी येते. त्या दिवशी कांदा-वांग्याचं काय काय करून खायचं आणि चातुर्मासात दोन्ही बंद. वांगं पुन्हा ताटात येतं ते मार्गशीर्षात चंपाषष्ठीला. यामागचं शास्त्र मला सांगता येणार नाही. पण श्रावणात वांगी चिरायला बसलं की दहातली तीन-चार अळीची निघतात, आणि मार्गशीर्षात तेच वांगं कसं तुकतुकीत असतं, हे मी पंचवीस वर्षं विळीवर बसून पाहिलं आहे. आमच्या खाणावळीत कांदा बंद होत नाही. बारा तास उभं राहून आलेल्या मुलाला चातुर्मास कसा सांगायचा? पण वांगं आम्ही बंद करतो.

मग पावसाळ्यातल्या ताटात येतं काय? पहिला आधार कडधान्यांचा. मटकी, हुलगे, चवळी, वाल. यांना मोड आणायचे तर हवामान बघावं लागतं. उन्हाळ्यात एका रात्रीत मोड येतात, थंडीत दोन दिवस लागतात, आणि पावसाळ्यात लक्ष नसलं तर मोडाआधी वास येतो. दुसरा आधार लाल भोपळ्याचा. देठासकट न कापता ठेवला तर तो काही महिने राहतो, आमच्या माळ्यावर ओळीनं बसलेले असतात. सांडग्यांची आमटी, शेंगदाण्याची आमटी, पिठलं, झुणका. आणि बटाटा. बटाट्याचीही गंमत आहे. पावसाळ्यात मिळतो तो बहुतेक आग्र्याकडच्या शीतगृहातला. थंडीत साठवला की बटाट्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. म्हणून तो गोडसर लागतो आणि तळला की पटकन काळपट पडतो. मुलं म्हणतात, 'काकू, भाजीत साखर घातली का?' आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर पावसाच्या पाण्यावर बटाटा होतो. पाऊस ओसरताना तो निघायला लागला की आम्ही आग्र्याला रामराम करतो.

आणि रानभाज्या. टाकळा, कुरडू, भारंगी, कर्टुली, आणि पहिल्या पावसात दोन-तीन आठवडेच दिसणारी शेवळं. मावळातल्या ठाकर, कातकरी समाजाच्या बायका डोंगरातून या भाज्या आणतात. आता तर ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमाराला कृषी खात्यातर्फे रानभाजी महोत्सवही भरतात, तिथे शहरातली मंडळी फोटो काढून भाज्या नेतात. चांगलंच आहे. पण एकशेवीस ताटांची भाजी रानातून आणायची नसते. एवढं ओरबाडलं तर पुढच्या वर्षी काय उगवेल? आम्ही ताटाच्या कडेला चमचाभर वाढतो, तीही ओळखीच्या बाईकडून घेतलेली. भारंगी उकळून तिचं पाणी टाकावं लागतं, नाहीतर कडू जहर. शेवळांबरोबर काकडं घातली नाहीत तर घसा खाजतो. हे ज्याला माहीत नाही त्यानं रानभाजीच्या वाटेला जाऊ नये.

मावळाकडे सारखी बोट दाखवते आहे, तर तांदळाबद्दलही सांगायला हवं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी हे वाण काढलं. ते १९८७ साली प्रसारित झालं, आणि मावळ म्हणजे इंद्रायणी असं समीकरणच झालं. कापणी दिवाळीच्या आगेमागे. नवा तांदूळ वासाला सुरेख, पण पाणी कमी पितो आणि चिकट होतो. जुना तांदूळ जास्त पाणी पितो, फुलतो, मोकळा होतो. म्हणजे तेवढ्याच तांदळात जुन्याचा भात जास्त होतो. हा फरक घरी जाणवत नाही, खाणावळीत दिवसाला दोन किलोंचा पडतो. म्हणून आम्ही तांदूळ साठवत नाही, साळ साठवतो. तूस अंगावर असलं की दाणा किडीपासून वाचतो आणि मुरतो. लागेल तशी गिरणीतून भरडून आणायची. नवा तांदूळ येतो तेव्हा मार्गशीर्षात फक्त चार गुरुवारी नव्याचा भात करते. मऊ, गुरगुट्या, वर तूप. कोकणातली दोन मुलं आहेत, ती त्या दिवशी आमटी घेतच नाहीत.

हिवाळा हा खाणाऱ्याचा ऋतू. मेथी, शेपू, पालक, हरभऱ्याचा पाला, पावटा, घेवडा, गाजर, फ्लॉवर, कोबी. भोगीच्या दिवशी या सगळ्यांची मिळून एक भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. त्या दिवशी सुट्टीवर गेलेली मुलंसुद्धा डबा मागवतात. स्वयंपाकघराचा खर्च या दिवसांत सगळ्यात कमी असतो.

पण याच दिवसांत मंडईत एक गोष्ट दिसते, ती मला नीट बघवत नाही. पहाटे मोशीच्या उपबाजारात गेलात तर मेथी-कोथिंबिरीचे ढीग दिसतात. जुडीला दोन रुपये, तीन रुपये. खुडणाऱ्या बाईची मजुरी आणि टेम्पोचं भाडं धरलं तर शेतकऱ्याच्या पदरात काही उरत नाही. कितीतरी शेतात मग मेंढरं सोडतात. खाणाऱ्याचा जो चांगला ऋतू तोच पिकवणाऱ्याचा वाईट. आणि जुलैत भाजीला सोन्याचा भाव, तेव्हा त्याच्या शेतात माल नसतो. मी स्वस्त मेथी घेऊन हिवाळ्यात पैसे वाचवायचे, तर ते कुणाच्या खिशातून वाचवते हे मला माहेरी गेल्यावर दिसतं.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि हा प्रश्न आमच्या दारातच येऊन बसला. कारखाने बंद, मुलं मिळेल त्या वाहनानं, काही तर चालत गावाकडे गेली. साठातली सात उरली. भावाच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या शेतात भाजी उभी, बाजार कधी चालू कधी बंद. आम्ही खाणावळीच्या ओट्यावर भाज्यांच्या पिशव्या भरल्या आणि आसपासच्या सोसायट्यांच्या फाटकापर्यंत पोचवल्या. फळं आणि भाजीपाला २०१६ सालीच राज्य सरकारनं बाजार समितीच्या नियमनातून वगळला होता, त्यामुळे शेतकऱ्याकडून थेट घ्यायला आडकाठी नव्हती. त्या तीन महिन्यांत शेतावर माल कितीला पडतो, वाहतूक किती, नासाडी किती, हे आम्ही वहीत रोज मांडलं. खाणावळ पुन्हा सुरू झाली तेव्हा ती वही समोर ठेवून तीन शेतकऱ्यांशी बोललो. दोघं मावळातले, एक खेड तालुक्यातला.

ठरलं ते असं. दहा भाज्यांचे भाव वर्षभरासाठी एकच. मेथीची जुडी दहा रुपये, टोमॅटो पंचवीस रुपये किलो, असं. बाजारात मेथी दोन रुपये झाली तरी मी दहाच देणार. बाजारात तीस झाली तरी ते मला दहालाच देणार. पण सगळा माल मला नाही. माझ्या गरजेपुरता ठरल्या भावानं, बाकीचा त्यांनी बाजारात न्यावा आणि मिळेल तो चढा भाव घ्यावा. ही शेवटची अट माझ्या भावजयीनं घालायला लावली. म्हणाली, "वन्सं, वरीसभर वाट बघून एकदा भाव घावतो, तेवढा तरी आमच्या पोराला घेऊ द्या." मला ते पटलं. ज्याच्या हाती चढ्या भावाचं काहीच लागत नाही तो करार पाळत नाही, आणि त्यानं का पाळावा?

या बोलीची खरी परीक्षा २०२३ साली झाली. त्या वर्षी मे महिन्यात राज्यात टोमॅटो दोन-तीन रुपये किलोवर आला, शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. अनेकांनी उभे प्लॉट सोडून दिले. आणि दोन महिन्यांनी, जुलैत, तोच टोमॅटो शंभराच्या वर गेला. नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव निघाला. मे महिन्यातली पडझड आणि जुलैतली तेजी या दोन वेगळ्या बातम्या म्हणून छापल्या गेल्या. खरं तर त्या एकाच बातमीचे दोन भाग होते. मे महिन्यात जो प्लॉट सोडून दिला, त्याचाच टोमॅटो जुलैत कमी पडला.

मे महिन्यात मी पंचवीस रुपयांनी टोमॅटो घेत होते तेव्हा शेजारचा भजीवाला मला वेड्यात काढायचा. जुलैत मलाच धास्ती वाटायला लागली की आता खेडचा माणूस फोन उचलणार नाही. क्रेटमागे दीड हजार सोडून द्यायला कुणाचं काळीज होईल? पण आठवड्याला दोन क्रेट येत राहिले, पाचशे रुपयांनीच. आमची गरज खरं तर आठवड्याला बेचाळीस किलोंची. उरलेलं दोन किलो आंबोशीवर निभावलं. तो माणूस काही साधुसंत नाही, हिशेबी आहे. मला म्हणाला, "ताई, मे महिन्यात तुमच्या पैशावर औषध-पाणी केलं म्हणून प्लॉट उभा राहिला. बाकीचे सव्वाशे क्रेट मी नारायणगावला घातले. तुमचे दोन त्यात काय मोजायचे?"

आता हे सगळीकडे चालेल का, असं विचाराल तर माझं उत्तर मोजून-मापून आहे. साठ माणसांच्या खाणावळीला तीन शेतकरी पुरतात, एकमेकांचं घर माहीत असतं, शब्दाला किंमत असते. सहाशे माणसांच्या कारखान्याच्या कँटीनला हे जमेल असं मला वाटत नाही. तिथे टेंडर असतं, आणि टेंडरमध्ये जो सगळ्यात कमी भाव देतो त्याला काम मिळतं. पाऊस येईल तेव्हा तो काय करेल हे टेंडरच्या कागदावर विचारलेलं नसतं. शिवाय आमच्यातही दर वर्षी कुरबुर होते. २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, चाकणला भाव पडले. ती बंदी उठली २०२४ च्या मे महिन्यात. त्या मधल्या काळात मी ठरला भाव दिला, पण पुढच्या वर्षीचा कांद्याचा भाव ठरवताना तिघांनीही दोन रुपये वाढवून मागितले. दिले. ते कुठून काढायचे म्हणून आठवड्यातून एकदा असायची ती कांदाभजी पंधरा दिवसांनी झाली. मुलांच्या ते लगेच लक्षात आलं, भाजी पातळ झाल्यावर येतं तसंच. फळ्यावर कारण लिहिलं. एकानं खाली खडूनं लिहिलं होतं, 'सरकारला सांगा काकू, भजी आम्हाला हवी.'

ही मुलं बहुतेक शेतकऱ्यांचीच आहेत, हे सांगायचं राहिलं. बीडचा मुलगा अंबाडीची भाजी मागतो, त्याला कण्या घालून केलेली हवी असते. जळगावचा भरताच्या वांग्यावरून माझ्याशी हुज्जत घालतो, त्याच्या मते आमच्या बाजूची वांगी वांगीच नाहीत. ताटात टोमॅटो का नाही हे त्यांना समजवावं लागत नाही. समजवावं लागतं ते आयटीतल्या मुलांना, हिंजवडीची दोन-चार येतात. त्यांना वर्षभर फ्लॉवर-मटार लागतो. पुरंदरचा मटार पावसाळ्याच्या शेवटी येतो, थंडीत उत्तरेकडचा येतो, बाकी वर्षभर मिळतो तो गोठवलेला, हे ऐकून त्यातला एक जण म्हणाला, "मग बाराही महिने दिसतो कसा?" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दुकानात त्याला कधी ऋतू दिसलाच नाही.

राहता राहिली जमीन. पवना धरणाचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून पिंपरी-चिंचवड पितं. त्याच नदीवर पवनमावळाची शेती आहे. धरणातून थेट बंद जलवाहिनी आणायच्या योजनेला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ गोळीबार झाला आणि तीन शेतकरी दगावले. आमच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही. ज्या शहराला मी जेवू घालते त्याची तहान आणि ज्या गावातून मी तांदूळ आणते त्याची तहान एकच आहे, हे तेव्हापासून विसरता येत नाही. आणि आता पाण्याइतकीच जमिनीचीही ओढाताण आहे. भावाच्या बांधाला लागून दोन्ही बाजूंनी प्लॉट पडले आहेत, रंगवलेले दगड उभे आहेत. एजंट महिन्यातून एकदा येऊन चहा पिऊन जातो. तो सांगतो तो आकडा शेतीच्या कुठल्याच हिशेबात बसत नाही, माझ्या ठरल्या भावात तर नाहीच.

भाचा चाकणला कंपनीत आहे. दुसऱ्या पाळीला असला की दुपारी आमच्याकडेच जेवतो, बाकीच्यांसारखे महिन्याचे पैसे देऊन. सुट्टीच्या दिवशी शेतावर जातो. या वर्षी त्याला मी दहा गुंठे पावटा आणि पाच गुंठे मेथी सांगितली आहे, मेथी दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरायची, म्हणजे एकदम ढीग होणार नाही. साळ नेहमीइतकीच. कांद्याचं त्याच्या वडिलांनी बघायचं. पुढच्या पाडव्यापर्यंतचे भाव वहीत लिहून दोघांनी सह्या केल्या. त्यापुढचा विषय मी काढला तेव्हा तो म्हणाला, "आत्या, आधी भात वाढ."